पोडावर जाऊन कुणी विचारलं?

पहिलीच्या वर्गात भिंतीवर चित्रांचा तक्ता होता. त्यातल्या माठावर बोट ठेवून मी विचारलं, "यात काय असतं?" पुढच्या रांगेतली कोलाम मुलगी पटकन म्हणाली, "ईर." मी म्हटलं, "पाणी म्हण, पाणी." ती गप्प झाली. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न विचारला तेव्हा तिनं तोंडच उघडलं नाही. तिला उत्तर येत होतं. भाषा मला येत नव्हती, आणि मागं पडणार होती ती.

नांदेड जिल्ह्यातल्या किनवट तालुक्यातल्या एका पोडाजवळच्या शाळेत मी नोकरीला लागले तेव्हाची ही गोष्ट. कोलाम ही आदिवासी जमात, आणि पोड म्हणजे त्यांची वस्ती. मी मात्र अशा घरात वाढले होते, जिथे निजामाच्या राज्यातल्या उर्दू शाळेच्या आठवणी जेवताना निघायच्या. आजोबा सांगायचे, घरात मराठी आणि वर्गात इतिहास-भूगोल उर्दूतून. डोक्यात उत्तर तयार असायचं, पण कागदावर उतरायचं नाही. ऐंशी ओलांडल्यावरही हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा. आपली भाषा शाळेच्या दाराबाहेर ठेवायला लावणं हा अन्याय आहे, हे मी त्यांच्याकडून शिकले. आणि तेच मी त्या मुलीला करायला लावलं, तेही चांगल्या मनानं. आजोबांना उर्दू शिकवणारे मास्तरही बहुधा वाईट नसावेत.

दर ९ ऑगस्टला मला ही मुलगी आठवते. आपल्याकडे तो क्रांतिदिन. त्याच दिवशी किनवटमध्ये जागतिक आदिवासी दिनाची मिरवणूक निघते. पिवळे गमछे, ढोल, 'जय सेवा'च्या घोषणा, 'जल, जंगल, जमीन'चे फलक. हा दिवस कुठून आला हे मिरवणुकीतल्या पोरांना मी अनेकदा विचारलंय, थोड्याच जणांना सांगता येतं. ९ ऑगस्ट १९८२ रोजी जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या एका कार्यगटाची पहिली बैठक झाली. जगभरातल्या मूळ रहिवासी समाजांचं म्हणणं ऐकून घेण्यासाठीच तो गट नेमला होता. त्या बैठकीची आठवण म्हणून १९९४ मध्ये हा दिवस जाहीर झाला.

त्याच जिनिव्हात त्याआधी साठ वर्षं एक माणूस दार ठोठावून परत गेला होता. कॅनडातल्या मूळ रहिवाशांच्या 'सहा राष्ट्रां'च्या संघाचा पुढारी डेस्काहे १९२३ मध्ये स्वतःच्या लोकांनी दिलेला पासपोर्ट घेऊन संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या राष्ट्रसंघाकडे गेला. आमचे करार मोडले जातायत, आमचं ऐका, एवढंच त्याचं मागणं होतं. वर्षभराहून जास्त काळ तो तिथं खेटे घालत राहिला, पण सभागृहात त्याला बोलू दिलं गेलं नाही. १९२५ मध्ये तो वारला. पुढं १९८२ ला कार्यगट झाला, मसुद्यावर दोन दशकांहून जास्त घासाघीस झाली आणि १३ सप्टेंबर २००७ रोजी आमसभेनं मूळ रहिवासी समाजांच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. बाजूनं १४४ मतं, विरोधात ४, तटस्थ ११. विरोध करणारे कोण? अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. ज्यांच्या जमिनी घेऊन ही राष्ट्रं उभी राहिली, त्यांनाच हक्क द्यायचे होते म्हणून हा विरोध. २०१० संपेपर्यंत चौघांनीही माघार घेऊन जाहीरनाम्याला पाठिंबा दिला, तो भाग वेगळा.

भारतानं बाजूनं मत दिलं. पण सोबत खुलासाही केला. स्वातंत्र्याच्या वेळी या देशात असलेली सगळी प्रजा आणि तिचे वंशज हे सगळेच मूळ रहिवासी आहेत, असं आपलं म्हणणं. ऐकायला हे किती समतेचं वाटतं! पण सगळेच मूळ रहिवासी ठरले की जाहीरनाम्यातले हक्क मागायला कुणीच उरत नाही. मत जिनिव्हा-न्यूयॉर्कच्या खात्यात जमा झालं आणि किनवटच्या खात्यात काहीच आलं नाही.

आधी कोण आलं, नंतर कोण आलं, हा वाद भारतात सुटणारा नाही हे मला मान्य आहे. हजारो वर्षांची सरमिसळ झालेल्या देशात कोणाचा सातबारा किती जुना हे बघत बसलो तर भांडणांशिवाय हाती काही लागायचं नाही. पण जाहीरनाम्यातल्या ४६ कलमांचा सगळा भार काही 'आधी कोण' या प्रश्नावर नाही. कलम १३ मध्ये आपली भाषा आणि आपल्या गावा-माणसांची आपली नावं टिकवण्याचा हक्क आहे. कलम १४ मध्ये आपल्या भाषेतून शिकण्याचा आहे. आणि कलम ३२ सांगतं की त्यांच्या जमिनीवर परिणाम करणारा प्रकल्प मंजूर करण्याआधी, दबाव न आणता, पूर्ण माहिती देऊन, त्यांची संमती घ्या. आधी. पूर्ण माहिती देऊन. दबाव न आणता. यातला एकेक शब्द कुणाच्या तरी बुडालेल्या गावातून आलाय. प्रश्न 'तू कधी आलास' हा नाहीच. 'तुला विचारलं का' हा आहे.

आणि हे विलायतेतून आणलेलं खूळ आहे असं म्हणणाऱ्यांनी तारखा बघाव्यात. ज्यांच्या नेतृत्वाखाली भारतानं १९२८ मध्ये ऑलिंपिक हॉकीचं सुवर्णपदक मिळवलं, ते जयपालसिंग मुंडा डिसेंबर १९४६ मध्ये संविधान सभेत उभे राहून म्हणाले होते की आदिवासींना लोकशाही शिकवायला जाऊ नका, ती त्यांच्याकडून शिका. आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा आपला पेसा कायदा १९९६ चा आहे, जाहीरनाम्याच्या अकरा वर्षं आधीचा. वनहक्क कायदा २००६ चा, म्हणजे तोही आधीचा. गडचिरोलीतलं मेंढा-लेखा 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणत होतं तेव्हा जाहीरनाम्याचा मसुदाच चालू होता. त्या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. हे बीज इथल्याच मातीतलं आहे. एक जुनं आंतरराष्ट्रीय बंधन मात्र आपण अजून अंगावर वागवतोय, ते आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९५७ च्या कराराचं. आदिवासींना हळूहळू मुख्य प्रवाहात विरघळवायचं, ही त्याची धारणा. १९८९ मध्ये त्याच संघटनेनं ती धारणा टाकून नवा करार केला. आपण जुन्यावर १९५८ मध्ये सही केली, नव्यावर अजून केलेली नाही. 'मुख्य प्रवाहात आणणे' हे शब्द आश्रमशाळांच्या गॅदरिंगमध्ये, पुढाऱ्यांच्या भाषणात इतक्या सहज येतात की ते कुठल्या काळाचे आहेत हे आपल्या ध्यानातही येत नाही.

आता आपल्या मराठवाड्याबद्दल बोलते, कारण मला खरं बोलायचंय ते याच्याबद्दल.

१७ सप्टेंबरला आपण मुक्तिसंग्राम दिन पाळतो. स्वामी रामानंद तीर्थांचं नाव घेतो, गोविंदभाई श्रॉफांचं घेतो, झेंडा लागतो, पोवाडे होतात. मीही दरवर्षी मुलांकडून भाषणं बसवून घेतली आहेत. पण कितीतरी वर्षं त्या भाषणांत मी एक नाव घातलं नव्हतं. १९४० मध्ये, मुक्तीच्या आठ वर्षं आधी, निजामाच्या पोलिसांशी लढताना जोडेघाटला कोमरम भीम मारला गेला. गोंड होता. जंगलखातं आणि सावकार यांनी गोंडांच्या हातून जमीन काढून घ्यायचा सपाटा लावला होता, त्याविरुद्ध तो उठला होता. जोडेघाट तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात. आणि किनवट? किनवटही तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातच होतं. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते तिकडून निघून नांदेडला जोडलं गेलं. एकाच जिल्ह्याचे दोन तालुके दोन राज्यांत गेले आणि भीम 'तिकडचा' झाला. आपल्या मुक्तीच्या कथेत तो बसेना, कारण ती कथा आपण मराठी, कन्नड, तेलुगू अशी तीन भाषांची सांगतो. चौथी भाषा बोलणारे त्याच निजामाच्या गोळ्यांनी मेले, याची नोंद आपल्या पाठांतरात नाही.

पुढचा भाग तर मला जास्त टोचतो. भीमच्या उठावानं हादरलेल्या निजाम सरकारनं ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना गोंडांची स्थिती पाहायला धाडलं. त्यांच्या सल्ल्यावरून १९४३ च्या सुमारास मारलावाईला गोंड शिक्षक तयार करण्याचं केंद्र निघालं आणि गोंडीतून शिकवणाऱ्या शाळा सुरू झाल्या. गोंडी वाचनपाठ छापले गेले ते देवनागरीत, आपल्याच लिपीत. माझ्या आजोबांची मराठी ज्यानं वर्गाबाहेर ठेवली, त्याच राज्यात गोंड पोराला त्याच्या भाषेतून अक्षर ओळखता येत होतं. निजामाचं गुणगान करायला मी हे सांगत नाहीये. उठाव झाला म्हणून ते घडलं, रक्त सांडल्यावर घडलं. पण जे तेव्हा शक्य होतं ते आज, स्वतंत्र देशात, मराठी राज्यात, किनवटच्या आश्रमशाळेत का होत नाही? गडचिरोलीतल्या मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ मध्ये स्वतःच्या बळावर गोंडी माध्यमाची शाळा काढली, तर शिक्षण खात्यानं ती बेकायदा ठरवून नोटीस दिली. आदिलाबादच्या गुंजाळा गावात गोंडीची जुनी हस्तलिखितं सापडली, ती लिपी २०१८ मध्ये युनिकोडमध्ये गेली. म्हणजे जगातल्या कुठल्याही संगणकावर ती उमटू शकते, शेजारच्या तालुक्यातल्या फळ्यावर मात्र नाही. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाखांहून जास्त आहेत आणि तरी ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत नाही. कोलामी तर त्याहून कितीतरी लहान. संयुक्त राष्ट्रांनी २०२२ ते २०३२ हे दशक मूळ रहिवाशांच्या भाषांसाठी जाहीर केलंय. त्यातली किती वर्षं अशीच गेली.

मराठवाड्याला स्वतःकडे 'ज्याच्यावर अन्याय झाला तो' म्हणून पाहायची सवय आहे. अनुशेष, पाणी, रेल्वे, नोकऱ्या. यातली एकही तक्रार खोटी नाही. आमचे निर्णय आधी हैदराबादला झाले, मग मुंबईला झाले, आम्हाला कुणी विचारलं नाही, हे म्हणत आपण विकास मंडळ मागितलं आणि १९९४ मध्ये मिळवलं. पण या तक्रारीत एक आंधळा कोपरा आहे. 'मराठवाडा मागास' म्हटलं की मराठवाड्याच्या आत कोण कोणाच्या मागं आहे हे विचारायचं राहून जातं. नांदेड आणि हिंगोलीत साधारण दहा-बारा माणसांमागे एक आदिवासी आहे. आपल्या विकास परिषदांच्या व्यासपीठावर त्यातला एक तरी कधी बसलेला पाहिलाय? दिल्ली न्यूयॉर्कमध्ये जे म्हणते, 'आम्ही सगळेच मूळ रहिवासी', तेच आपण छत्रपती संभाजीनगरात म्हणतो: 'आम्ही सगळेच मागास.'

संमती ही कागदावर कशी 'घेतली' जाते ते मी जवळून पाहिलंय. एका गावात ग्रामसभा होती, मला शिक्षक म्हणून बोलावलं होतं. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी, पुढं चार खुर्च्या. पोडावरच्या बाया सगळ्यात मागं, भिंतीला टेकून. विषय त्यांच्याच पोडाच्या वरच्या अंगाच्या जमिनीचा होता. ठराव मराठीत वाचला गेला, तोही सरकारी मराठीत: 'सदर', 'उपरोक्त', 'अन्वये'. तीन-चार मिनिटं लागली असतील. मग रजिस्टर फिरलं. माझ्याकडे आलं तेव्हा मी पाहिलं, मागच्या पानावर अंगठे आधीच उठवलेले होते आणि आजच्या तारखेच्या खाली 'सर्वानुमते मंजूर' हे शब्द आधीच लिहिलेले होते, नीट, शाई वाळलेली. माझ्या शेजारी बसलेल्या म्हातारीनं मला हळूच विचारलं, "मॅडम, काय म्हनले?" मला तेव्हा थोडीफार कोलामी यायला लागली होती. जमेल तसं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग माझा अंगठा कशाला लागतो?"

कायदा तिच्या बाजूनं आहे, हेच यातलं दुःख. पेसानुसार गाव म्हणजे ग्रामपंचायत नव्हे. एखादी वस्ती, एखादा पाडा, एखादं पोड हेही गाव ठरू शकतं आणि त्याची स्वतःची ग्रामसभा होऊ शकते. राज्याचे २०१४ चे नियमही तेच सांगतात. म्हणजे त्या म्हातारीला मोठ्या गावाच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसायची गरज नाही. तिच्या पोडावर, तिच्या भाषेत, तिच्या माणसांत सभा भरली पाहिजे आणि अधिकाऱ्यानं तिथं जायला पाहिजे. वनहक्काच्या नियमांत गणपूर्तीसाठी निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बायका हव्यात. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर बॉक्साइटची खाण काढायची होती, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं १८ एप्रिल २०१३ रोजी सांगितलं की आधी ग्रामसभांना विचारा. बारा गावांत विचारलं गेलं. बाराही गावांनी नाही म्हटलं आणि ते 'नाही' मोजलं गेलं. हक्काचा कस तिथं लागतो. जिथं फक्त 'हो' म्हणायची सोय आहे, तिथं संमती हा शब्द वापरूच नये.

हिंगोलीकडे वळलं की आणखी एक अडचण येते. कळमनुरी, औंढा भागात आंध हा आदिवासी समाज मोठा आहे. पण पेसा लागू होतो तो राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात, आणि मराठवाड्यात ते क्षेत्र आहे किनवट-माहूर भागातच. त्यामुळे कळमनुरीच्या आंधांना पेसा लागू नाही. एकाच नदीच्या खोऱ्यातला एक आदिवासी ग्रामसभेत नाही म्हणू शकतो, कागदावर का होईना, आणि दुसऱ्याला पेसाचा तेवढाही आधार नाही. त्यात आंध मराठी बोलतात, शेती करतात, दिसायला-नेसायला आपल्यासारखेच. मोरपिसांचा टोप घालून नाचणारा गोंडांचा गुसाडी सगळ्यांना ओळखू येतो. दिवाळीत दंडारीला, म्हणजे त्यांच्या नाचाच्या सणाला, गोंड गावांत जे तेज येतं ते मी पाहिलंय आणि त्यापुढं मान लवते. पण तोच गुसाडी मंत्र्यांच्या स्वागताला गाडीपुढं नाचवला जातो तेव्हा माझा जीव कळवळतो. दंडारी हे देवाचं काम आहे, ते ठरल्या दिवसांत, ठरल्या गावांत, पाहुणपणाच्या रीतीनं चालतं. जगाच्या व्यासपीठावर संस्कृती म्हणजे पोशाख आणि नाच, असा समज पक्का होत चाललाय, आणि ज्याच्याकडे दाखवण्यासारखा टोप नाही तो आंध त्या समजात कुठंच बसत नाही.

गेल्या काही वर्षांत मराठवाड्यात 'आदिवासी' हा शब्द ऐकू येतो तो मुख्यतः दाखल्यांच्या भांडणात. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठ्यांना कुणबी दाखले देण्यासाठी निजामाच्या काळातल्या हैदराबाद गॅझेटचा आधार घेणारा शासन निर्णय निघाला आणि त्याच गॅझेटच्या आधारे बंजारा समाजानं अनुसूचित जमातीत समावेश मागितला. उत्तरादाखल आदिवासींचे मोर्चे निघाले. तांड्यावरची गरिबी मी पाहिली आहे, ती खोटी नाही. पोडावरची भीतीही खोटी नाही. पण हे भांडण आहे सरकारी वाट्याचं, आणि त्यात जाहीरनाम्यातला मूळ हक्क पार बाजूला पडतो. अनुसूचित जमातींच्या सात टक्के राखीव जागांमधला वाटा आणि आपल्या डोंगराबद्दल बोलायचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवर रस्ते अडतात, दुसरीसाठी कुणी रस्त्यावर उतरत नाही.

आता पाण्याचा प्रश्न, कारण मराठवाड्यात शेवटी सगळं तिथंच येतं. पैनगंगेवर निम्न पैनगंगा नावाचं धरण व्हायचंय, महाराष्ट्र आणि तेलंगणाचं मिळून. काठावरच्या गावांचा त्याला अनेक वर्षं विरोध आहे. त्यांतल्या बऱ्याच गावांत आदिवासी आहेत. मी हे बोलायला लागले की माझेच नातेवाईक चिडतात. "आपण पाण्याशिवाय मरतोय आणि तू धरणाला विरोध करणाऱ्यांची बाजू घेतेस?" त्यांचा राग मला समजतो. दुष्काळात टँकरमागं घागर घेऊन पळालेली माणसं आहेत ती. मी धरण नकोच असं म्हणतही नाहीये. मी म्हणतेय की ज्यांची गावं बुडणार आहेत त्यांच्या ग्रामसभांना त्यांच्या भाषेत, सगळे नकाशे समोर ठेवून विचारा, आणि त्या नाही म्हणाल्या तर ते उत्तर म्हणून घ्या, अडथळा म्हणून नाही. मग दुसरी जागा शोधा, लहान बंधारे बघा, वाटाघाटी करा, वेळ लागू द्या. आपल्याला न विचारता घेतलेल्या निर्णयांबद्दल सत्तर वर्षं कडवटपणे बोलणाऱ्या मराठवाड्याला एवढं समजायला जड जाऊ नये.

माझं माहेर अर्धापूरकडचं. केळीचं. आमच्या वावराला पाणी येतं इसापूर धरणाच्या कालव्यातून, तेही पैनगंगेवरचंच, वरच्या अंगाचं. लहानपणी कालव्याला पाणी सुटलं की आम्ही पोरं काठाकाठानं पळायचो. माझं शिक्षण त्या केळीवर झालं, मी शिक्षिका झाले तीही त्या पाण्यामुळे. मागच्या दिवाळीत मी वडिलांना विचारलं, "बाबा, इसापूरच्या पाण्याखाली कोणती गावं गेली?" ते बराच वेळ आठवत राहिले. कालवा कधी आला ते त्यांना सांगता आलं, पहिलं पाणी कोणत्या महिन्यात सुटलं तेही, त्या वर्षी केळीला काय भाव होता तोसुद्धा. गावाचं नाव मात्र एकही सांगता आलं नाही. मलाही ते माहीत नव्हतं. आम्ही दोघं ओसरीवर बसून राहिलो, आणि पाठीमागच्या वावरात पाणी चालू होतं.